मोरंडाची खरडी होऊ देऊ नका



रेडिओवर सांगितलेली गोष्ट ऐकताना पटते, पण कामाच्या धांदलीत विसरून जाते. ती हाताशी राहावी म्हणून हे पत्रक छापले आहे. या वेळचा विषय आहे जमिनीची धूप आणि तिचा आपल्या पिकाशी व घरातल्या भाकरीशी असलेला संबंध. पत्रक वाचा, घरच्यांना वाचून दाखवा आणि पहिला पाऊस पडायच्या आत एकदा बांधावर नेऊन पुन्हा वाचा.

जमिनीची जुनी प्रतवारी

नागपूरकडे जमाबंदीच्या काळापासून जमिनीची प्रत सांगणारी चार नावे चालत आली आहेत. ती आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. खोल, भारी, उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडणारी ती काळी. काळपट-तपकिरी, चुनखडीचे खडे मिसळलेली, मध्यम खोलीची ती मोरंड. उथळ, फिक्कट आणि खाली लवकर मुरूम लागणारी ती खरडी. टेकडीच्या उतारावरची, दगडगोट्यांची ती बरडी.

ही नावे काही कागदापुरती नव्हती. जमीन कोणते पीक पेलेल, किती सारा देईल आणि किती माणसे पोसेल याचा अंदाज त्या एका शब्दात होता. सोयरीक जुळवतानासुद्धा पाहुणा विचारायचा, "जमीन किती?" आणि लगेच पुढे, "काळी की बरडी?"

आता मुद्द्यावर येऊ. तुमच्या सातबाऱ्यावर पाच एकर लिहिले असेल तर ते पाच एकरच राहते. शंभर वर्षांनीही तेवढेच राहील. पण त्या पाच एकरांतली माती दर पावसाळ्यात थोडी थोडी उतरत असते. वरचा थर गेला की काळीची मोरंड होते, मोरंडाची खरडी होते आणि खरडीची बरडी होते. ही घसरण कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. ना तलाठी लिहितो, ना बँक विचारते. आपल्याला ती कळते तेव्हा पीक सांगते. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

एवढी माती तयार व्हायला किती काळ लागला ते पाहा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या बाजूची काळी माती ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची आहे. तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ऊन, पाणी, मुळ्या आणि जीवजंतू यांनी तो झिजवला, तेव्हा कुठे माती झाली. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला मात्र एका माणसाची हयात पुरते.

माती जाते कशी?

मे महिन्याच्या शेवटी आपले शेत कसे असते? वखरून वखरून स्वच्छ केलेले, भुसभुशीत, एक काडी नाही. दिसायला सुंदर. पण मातीच्या दृष्टीने हीच वेळ धोक्याची. मृगाच्या सरी जोरकस असतात. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की ढेकळाचे बारीक कण सुटतात. ते कण वरच्या छिद्रांत बसतात आणि पाणी मुरायची वाट बंद होते. काळ्या जमिनीत सुरुवातीचे पाणी भेगांतून आत जाते. पण माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग फार कमी होतो. मग पाणी उताराला लागते आणि जाताना माती घेऊन जाते.

ओघळ पडला तर आपल्याला दिसतो आणि आपण हळहळतो. पण खरे नुकसान चादरीसारखे होते. सगळ्या शेतावरून कागदाच्या जाडीचा थर सारखा निघून जातो, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. शिवाय पाणी आधी नेते ती बारीक, कसदार माती आणि हलके सेंद्रिय द्रव्य. जाड वाळू, खडे आणि चुनखडी मागे राहते. "यंदा शेतात खडे फार वर आले," असे आपण म्हणतो. खडे वर आलेले नसतात, माती खाली गेलेली असते.

जून-जुलै हे दोन महिने सर्वांत वाईट. तेव्हा पाऊस जोराचा असतो आणि पीक लहान असते. पिकाची पाने ओळीला ओळ मिळेपर्यंत जमीन उघडीच राहते. त्यातच नांगरट, वखरणी आणि पेरणी उताराच्या दिशेने झाली असेल तर प्रत्येक तास म्हणजे पाण्याला काढून दिलेली नाली. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचे पडतात, वळणे कमी लागतात, डिझेल वाचते. तो लांबीच्या दिशेने नांगरून निघून जातो. ती लांबी उताराची असेल तर त्याचे वाचलेले डिझेल आपण मातीच्या रूपाने फेडत राहतो.

थोडा हिशेब करू

एका एकरावरचा फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर, म्हणजे नखाच्या जाडीएवढा, तोलला तर साधारण पाच टन भरतो. बैलगाडीत अर्धा टन माती धरली तर दहा गाड्या झाल्या. देशात पाण्यामुळे होणाऱ्या धुपीचा जो अंदाज शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला, तो वर्षाला सरासरी हेक्टरी १६ टनांहून थोडा अधिक होता. एकरी साडेसहा टन, म्हणजे तेरा गाड्या. यातली सगळी माती समुद्रात जात नाही. सुमारे २९ टक्के समुद्राला मिळते, १० टक्क्यांच्या आसपास धरणा-तलावांत बसते आणि बाकीची एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. पण तुमच्या शेतातून ती गेली ती गेलीच.

आता सांगा, आपण शेणखत किती घालतो? तीन वर्षांतून एकदा एकरी पाच गाड्या घातल्या तरी आपण समाधानी असतो. तीन वर्षांत पाच गाड्या आत आणि तीस-चाळीस गाड्या बाहेर. असा व्यवहार दुकानदाराने केला तर दुकान किती दिवस चालेल?

हे संकट आपल्या एकट्यावरचे नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या वर्षांत दुष्काळ पडला. तेव्हा मोडून टाकलेल्या गवताळ रानांतली उघडी माती वाऱ्याने उडाली, धुळीची वादळे उठली आणि हजारो कुटुंबांना गाव सोडावे लागले. त्यानंतर १९३५ साली तिथल्या सरकारने माती जपण्यासाठी वेगळे खाते काढले. आपल्याकडे २०१० साली देशभरच्या आकड्यांचा मेळ घालून जो अंदाज काढला, त्यात सुमारे १२ कोटी ७ लाख हेक्टर जमीन बिघडलेली आढळली. त्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याने होणाऱ्या धुपीचा. देशभरच्या जमिनींचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे.

माती ही पाण्याची कोठी आहे

कोरडवाहू शेतकऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपले पीक रोजच्या पावसावर जगत नाही. ते मातीत साठलेल्या पावसावर जगते. पाऊस कोठी भरतो आणि पीक रोज त्यातून काढून खाते.

एक फूट खोलीची चांगली काळी माती पिकाला उपयोगी पडेल असे साधारण ५ ते ६ सेंटीमीटर पाणी धरून ठेवते. भर वाढीतली पऱ्हाटी दिवसाला सुमारे ४ ते ५ मिलिमीटर पाणी वापरते. म्हणजे एक फूट मातीची कोठी बारा-तेरा दिवसांत रिकामी होते. तीन फूट मातीची कोठी महिनाभर पुरते. पोळ्याच्या सुमारास पावसाने वीस दिवस दडी मारली की काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एकाच शिवारात एकाच दिवशी पेरलेल्या दोन शेतांपैकी एक माना टाकते आणि दुसरे तग धरते. वाण तेच, खत तेच, पाऊसही तोच. फरक असतो तो कोठीच्या आकारात.

म्हणून म्हणतो, धूप म्हणजे नुसती मातीची हानी नव्हे. प्रत्येक इंच मातीबरोबर चार-पाच मिलिमीटर पाण्याची साठवणही जाते. नागपूर जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो काही थोडा नाही. पण कोठी लहान झाली तर आभाळातून कितीही ओतले तरी सांडूनच जाणार. दुष्काळ आभाळातून येतो तसा तो शेतातूनही येतो, बरे का!

घरातल्या भाकरीचा प्रश्न

खरिपाचे सोयाबीन निघाले की आपण हरभरा पेरतो. हा हरभरा मुख्यतः उरलेल्या ओलीवर येतो. काळीत आणि चांगल्या मोरंडात तो एका पाण्यावर किंवा पाण्याशिवायही पिकतो. खरडीत तो फुलावर येण्याआधीच ओल संपते. म्हणजे मोरंडाची खरडी झाली की वर्षातले दुसरे पीक हातचे जाते. घरात खायची डाळ गेली, विकायचे चार पोतेही गेले. खरिपाचा खर्च मात्र तेवढाच राहतो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांतले काहीच उथळ जमिनीसाठी स्वस्त होत नाही. खर्च काळीचा आणि उत्पन्न खरडीचे, अशी गत झाली की कर्ज फिटत नाही.

दुसरी गोष्ट. पूर्वी आपल्या भागात ज्वारी मोठ्या प्रमाणावर होती. ज्वारीने माणसाला भाकर दिली आणि कडब्याने जनावर पोसले. जनावराने शेण दिले आणि शेणाने माती सांभाळली. १९८० नंतरच्या वीसेक वर्षांत सोयाबीन वाढले आणि ज्वारी मागे पडली. सोयाबीनने रोख पैसा दिला, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण कडबा कमी झाला, जनावरे कमी झाली, उकिरडे लहान झाले. आज पुष्कळ घरी भाकरीची ज्वारी किंवा पोळीचा गहू विकत येतो आणि शेणखतही विकतच येते. साखळीतली ही कडी तुटली आहे आणि तिचा भार मातीवर पडला आहे.

तिसरी गोष्ट कसाची. धुपलेल्या, चुनखडी वर आलेल्या जमिनीत जस्त आणि लोह पिकाला नीट लागू पडत नाही. पानांवर पिवळेपणा येतो, दाणा बारीक राहतो. ज्या मातीत जस्त कमी, तिच्या धान्यातही ते कमी उतरते. वाढत्या मुलाला जस्त ताटातूनच मिळायचे असते. तेव्हा मातीचा अशक्तपणा शेतातच थांबत नाही, तो चुलीपर्यंत येतो.

आपली जमीन घसरते आहे का? स्वतः तपासा

१. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन शेताच्या खालच्या कोपऱ्यात उभे राहा. बाहेर जाणारे पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी जो गाळ बसेल तो तुमच्या शेताचा. घरात सर्वांना दाखवा.

२. शेताच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला खोदून पाहा. मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजून वहीत लिहा. वर एक फूट आणि खाली तीन फूट निघाले तर वरची माती खाली उतरते आहे असे समजा.

३. धुऱ्यावरच्या जुन्या झाडाची मुळे उघडी पडली आहेत का पाहा.

४. पिकात गोल गोल पिवळे किंवा खुजे पट्टे दरवर्षी त्याच जागी दिसतात का, ते ध्यानात ठेवा.

५. मूठभर ओली माती उकरा. गांडूळ दिसते का? ढेकूळ पाण्यात टाकल्यावर लगेच विरघळते की काही वेळ टिकते? टिकणाऱ्या ढेकळात सेंद्रिय द्रव्य चांगले असते.

उपाय: आपल्या हातातले आधी

पहिला उपाय, उताराला आडवे काम. याला जादा पैसा फारसा लागत नाही. नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी सर्व उताराला आडवी करा. प्रत्येक तास एक छोटा बांध होतो. ट्रॅक्टरवाल्याला आधी दिशा दाखवा, मगच काम सुरू करू द्या. रोटाव्हेटर वारंवार मारू नका, त्याने मातीचे पीठ होते. ओल्या जमिनीत जड ट्रॅक्टर घालू नका, खाली थर दाबून पाणी अडते.

दुसरा उपाय, पिकात सऱ्या. कपाशी, तूर किंवा सोयाबीन तीस-चाळीस दिवसांचे झाले की शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ठरावीक ओळींनंतर सरी काढा. पाऊस कमी असेल तर सरीत पाणी मुरते, जास्त असेल तर सावकाश बाहेर पडते. सोयाबीन रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरता आले तर फार चांगले. त्यासाठी यंत्र मिळते आणि वरंब्यावर तीन-चार ओळी बसतात.

या पद्धतीचा पुरावा जवळचाच आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत प्रयोग चालवला. एका भागात जुनी रीत, म्हणजे पावसाळाभर जमीन उघडी पडीक आणि रब्बीत एक पीक. दुसऱ्या भागात रुंद वरंबा-सरी, ज्वारीत तूर, सुधारित वाण आणि योग्य खत. जुन्या रीतीत वर्षाला हेक्टरी सहा टनांवर माती गेली आणि सुमारे एक टन धान्य आले. सुधारित रीतीत दीड टन माती गेली आणि धान्य पाच टनांच्या आसपास आले. यात वाण आणि खताचाही वाटा आहे, हे खरे. पण कोठी शाबूत राहिली म्हणूनच वाणाला आणि खताला जोर आला.

तिसरा उपाय, धुरा जपा. दोन तास जास्त मिळावे म्हणून धुरा कोरू नका. त्यातून मिळते थोडे आणि जाते पुष्कळ, वर शेजाऱ्याशी भांडण. धुऱ्यावर मारवेल गवत किंवा वाळा लावा. गिरिपुष्पाच्या फांद्या लावा, त्याचा पाला छाटून शेतात टाकला की नत्र मिळते. पाणी बाहेर पडण्याच्या जागी दगड रचून सांडवा करा. खोल काळ्या जमिनीत मातीचे मोठे आडवे बांध भेगांमुळे फुटतात आणि वरच्या बाजूला पाणी तुंबते. म्हणून तिथे पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध योग्य. बांध घालण्यापूर्वी कृषी खात्याकडून उतार मोजून घ्या.

चौथा उपाय, शेतातले शेताला परत. गव्हाचे धसकट, सोयाबीनचे कुटार, तुरीच्या काड्या पेटवू नका. आग दहा मिनिटांत विझते, पण वर्षभराचे खत घेऊन जाते. पऱ्हाटीच्या बाबतीत एक सावधगिरी ठेवा. पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर रचून ठेवले तर गुलाबी बोंडअळी त्यात दडून पुढच्या हंगामात येते. म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी यंत्राने बारीक करून कंपोस्टात घाला.

कंपोस्टासाठी आपल्या विदर्भातलीच पद्धत आहे. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी ती शोधली आणि ती देशभर गेली. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधा. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवा. सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर, अशा क्रमाने टाके भरा आणि वरून शेणमातीने लिंपा. तडे पडले की बुजवा, ओल टिकवा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. एका टाक्याला शेण शंभर किलोच्या आसपास लागते. एक-दोन जनावरे असलेल्या घरालाही ते जमते. भगिनींनो, शेणाच्या गोवऱ्या थापण्यापेक्षा शक्य असेल तेवढे शेण टाक्यात जाऊ द्या.

पाचवा उपाय, जमिनीच्या वकुबाप्रमाणे पीक. बरडीवर कपाशीचा जुगार खेळू नका. तिथे मूग, उडीद यांसारखी लवकर येणारी पिके घ्या, नाहीतर सीताफळ, बोर, आवळा किंवा गवत ठेवा. खरडीत सोयाबीन-तूर मिश्र पीक बरे, तुरीचा पालाही जमिनीवर पडतो. काळीत पाण्याचा निचरा सांभाळा. घरापुरती एक-दोन एकर ज्वारी तरी फेरपालटात ठेवा. भाकर घरची होईल, कडबा मिळेल आणि जमिनीलाही पालट मिळेल. संत्रा लावण्यापूर्वी तीन फूट खोल खड्डा खोदून पाहा. खाली कडक मुरूम किंवा चिकण थर असेल तर तिथे बागेचा हट्ट धरू नका.

सहावा उपाय, माती परीक्षण. मृदा आरोग्य पत्रिका ही योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यात बारा गोष्टी तपासल्या जातात. नमुना नीट घेतला तरच उत्तर नीट मिळते. उन्हाळ्यात, खत घालण्याआधी, शेतात नागमोडी चालत दहा-बारा जागी सहा ते आठ इंच खोल खड्डा करून माती घ्या. झाडाखालची, धुऱ्याजवळची, उकिरड्याची घेऊ नका. खताचे रिकामे पोते वापरू नका. सर्व माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. काळी आणि खरडी यांचे नमुने वेगळे ठेवा. अहवालात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्क्याच्या खाली आला तर पहिला खर्च कंपोस्टावर करा. जस्त कमी दिसले तरच एकरी १० किलो झिंक सल्फेट द्या, अंदाजाने नको.

गेलेली माती परत आणता येते का?

थोडी येते. आपल्या पूर्व भागात, रामटेकपासून भंडारा-गोंदियापर्यंत, मालगुजारी तलाव आहेत. शिवारातली कसदार माती तिथे गाळ होऊन बसली आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की तो गाळ काढून खरडी-बरडीवर पसरा. तलावाची खोली वाढते आणि शेताचीही. राज्य शासनाने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली ती याच विचाराने. मात्र खोल काळीवर गाळ टाकू नका, निचरा बिघडतो. गाळ टाकल्यावर उताराला आडवे काम केले नाही तर तोच गाळ पुन्हा तलावात जाईल, हे सांगायला नकोच.

श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

"साहेब, पाणी वरच्या शेतातून येते. मी एकटा काय करू?"

एकट्याचे काम अपुरे पडते हे खरे. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव बांधबंदिस्तीची आणि नालाबांधाची कामे निघाली. १९८३ पासून राज्यात पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम झाला. या सर्वांतून एक धडा मिळाला. काम माथ्यापासून पायथ्याकडे आणावे लागते. वरच्या शेतकऱ्याला सोबत घ्या, ग्रामसभेत विषय मांडा. तोवर आपल्या वरच्या धुऱ्याला चर काढून आलेले पाणी सुरक्षित बाजूला काढा.

"जमीन मक्त्याने केली आहे. पुढच्या वर्षी माझ्याकडे राहील की नाही ठाऊक नाही. मी कशाला खर्च करू?"

हा प्रश्न खरा आहे आणि आजकाल पुष्कळ जमीन अशीच कसली जाते. मक्तेदाराने बिनखर्चाची कामे करावीत. आडवी पेरणी, सऱ्या, कुटार न जाळणे यांचा फायदा त्याच हंगामात मिळतो. आणि जमीनमालकांनो, तुम्हीही ऐका. दरवर्षी माणूस बदलला तर मातीचा वाली कोणी राहत नाही. तीन-चार वर्षांसाठी एकच माणूस ठेवा आणि धुरा राखण्याचे बोलून घ्या. मक्त्याचे चार पैसे जास्त मिळाले आणि जमीन एक प्रत खाली उतरली, तर तो नफा नव्हे.

"रासायनिक खत वाढवले तर भागणार नाही का?"

खत अन्न देते, खोली देत नाही. कोठी उथळ असेल तर ओलीअभावी दिलेले खतही पिकाला लागत नाही आणि पुढच्या सरीत वाहून जाते. खत हवेच, पण कंपोस्टाच्या जोडीने आणि परीक्षण पाहून.

महिनावार आठवण

मार्च-एप्रिल: धसकटे न जाळता पसरा किंवा टाक्यात घाला. माती नमुने द्या. गाळ आणायचे ठरवा.
मे: धुरे दुरुस्त करा, सांडव्याला दगड लावा. शेवटची वखरणी आडवी. दोन टन, म्हणजे चार गाड्या कंपोस्ट एकरी पसरा.
जून: आडवी पेरणी. पहिल्या पावसात बाटलीची परीक्षा.
जुलै-ऑगस्ट: डवरणी, सऱ्या. धुऱ्यावर गवत आणि गिरिपुष्प लावा. ओघळ लहान असतानाच दगडांनी अडवा.
ऑक्टोबर: सोयाबीनचे कुटार राखा. ओल पाहूनच हरभऱ्याचे ठरवा.
जानेवारी-फेब्रुवारी: पऱ्हाटी बारीक करा, टाके भरा.

बंधू-भगिनींनो, सगळे एकदम जमणार नाही. यंदा फक्त तीन गोष्टी करा. काम आडवे, काडी न जाळणे आणि एका कोपऱ्यात खोली मोजून वहीत लिहिणे. ती नोंद सातबाऱ्याच्या कागदासोबत ठेवा. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजा. मुरूम तेवढ्याच खोलीवर लागला तर जमीन राखली असे समजा. वाटणीच्या वेळी पोरांच्या हाती एकर जातील, पण त्यांचे पोट भरेल ते त्या एकरांवर किती फूट माती उरली यावर.

काही शंका असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या किंवा कार्यक्रमाला पत्र लिहा. पत्रात जमिनीची खोली जरूर कळवा, म्हणजे सल्ला नेमका देता येईल.

कृषी विस्तार अधिकारी, नागपूर